औषधाचं पथ्य

आपल्याकडे औषध म्हटलं की पथ्य आलंच. वैद्याची पुडी हातात पडायच्या आधी आंबट नको, वांगं नको, दुपारची झोप नको, असं सगळं ऐकून घ्यावं लागतं. नयना टिल्लूच्या नशिबी मात्र जगावेगळं पथ्य आलं होतं. तिला औषधाचंच पथ्य होतं. कतारला, दोह्यात नवऱ्याकडे जायचं ठरलं की महिना-सव्वा महिना आधीपासून औषध बंद. हा शब्द गिरीशने शोधून काढलेला. तो फोनवर विचारायचा, "पथ्य सुरू केलंस ना?" आणि नाशिकला भावाच्या घरी बसलेली नयना म्हणायची, "केलं हो." एवढं बोलून झालं की दोघंही हवापाण्याच्या गप्पांवर यायची.

नयनाला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. मेंदूचा निरोप पायांपर्यंत धड पोहोचत नाही, असा तो आजार. पाय आखडायचे, पोटऱ्यांत गोळे यायचे, गुडघे एकमेकांना असे चिकटायचे की सोडवताना घरातल्यांच्या नाकी नऊ यायचे. दोह्यातल्या एका इंडियन शाळेत ती गणित शिकवायची. फळ्यासमोर उभं राहवेना, तेव्हा ती नोकरी सुटली. इस्पितळातल्या गोळ्यांनी स्नायू सैल पडायचे खरे, पण त्यांच्याबरोबर नयनाही सैल पडायची. दिवसभर गुंगीत, ओठाच्या कडेला लाळ. शेवटी तिचा भाऊ प्रताप तिला नाशिकला गायधनी वैद्यांकडे घेऊन गेला.

गायधनींनी तिला विजया दिली, तुपात सिद्ध केलेली. नाव ऐकून वाटावं की कुणाची तरी मावशी असेल. विजया म्हणजे भांग. शिवरात्रीला दुधात घोटतात तीच. फक्त ही परवान्याची, मोजून-मापून, शिक्क्याच्या बाटलीतली. नयनाच्या सासरमाहेरी कुणी कधी सुपारीच्या खांडापलीकडे गेलं नव्हतं. पहिल्यांदा चाटण घेताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. दोन-तीन महिन्यांत ती काठी घेऊन चालायला लागली, आणि मग लाज कुठच्या कुठे पळाली.

२००६च्या उन्हाळ्यात लेक अनुष्का सुटीला नाशिकला आली, तेव्हा आई तिला चालत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, घेऊन गेली. अनुष्का तेव्हा बारा वर्षांची. दोह्यातच वाढलेली, मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत द्यायची. घाटाच्या पायऱ्या आई एकटी उतरली, तेव्हा ती फक्त "वाव" म्हणाली. गिरीशला त्या वर्षी रजा मिळाली नव्हती. त्याने बायकोचं चालणं पाहिलं ते कॉम्प्युटरवरच्या कॅमेऱ्यात. चित्र अडकत अडकत यायचं. नयना अडखळतेय की इंटरनेट, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

कतारमध्ये ही वस्तू पिशवीत सापडली तर तुरुंग, हे पोरासोरांनाही माहीत असतं. पण नुसती लघवीत सापडली तरी गुन्हाच, हे गिरीशला कुणीतरी सांगितलं आणि तिथून पथ्य सुरू झालं. ते सोडून नाशिकलाच राहावं, तर सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की दोह्याचा राहण्याचा परवाना रद्द. एकदा रद्द झाला की तसल्या तब्येतीच्या बाईचा पुन्हा निघेल याची खात्री कोण देणार? म्हणून दर खेपेला मुदत संपत आली की नयना औषध थांबवायची, पाय पुन्हा लाकडासारखे होऊ द्यायची, आणि चाकाच्या खुर्चीतून दोह्याच्या विमानतळावर उतरायची. गिरीशला ती कायम तशीच दिसायची. बरी झालेली बायको त्याच्या वाट्याला कधी आलीच नाही.

२००७च्या जानेवारीत ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा गिरीशच्या डोक्यात एक बेत शिजत होता.

"हे चोरासारखं किती दिवस करायचं?" अल मन्सूरा भागातल्या त्यांच्या जुन्या फ्लॅटच्या बैठकीत तो तिच्या पोटऱ्या चोळत म्हणाला. "आपण रीतसर परवानगी मागू."

रीतसर हा गिरीशचा लाडका शब्द. गॅस कंपनीत तो सेफ्टीचा इंजिनियर. कागदावर सही असल्याशिवाय तिथे कुणी झडपेला हात लावत नाही, आणि घरीही त्याचा तोच खाक्या. पुण्याच्या घरात मीटरचं रीडिंग चुकून कमी लागलं, तर हा बाबा स्वतः वीज मंडळात जाऊन वाढवून घेणार. नयनाला एकेकाळी याचंच कौतुक वाटलं होतं.

"भांगेची परवानगी?" ती म्हणाली. "इथे?"

"भांगेची नाही गं. कॅप्सूलची." इस्पितळातल्या सुदानी डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं होतं, की याच गुणाची एक कॅप्सूल कारखान्यात तयार होते. पान नाही, धूर नाही, वास नाही. काही देशांत डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते. इथे ती कुणाला मिळाल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. "म्हणजे कुणी मागितलीच नसेल!" गिरीश म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता, की नयनाच्याही मनात नको ती आशा डोकावली. कॅप्सूल इथेच मिळाली तर? पथ्य नाही, नाशिक नाही. सकाळी उठून अनुष्काला डबा करून द्यायचा, लिफ्टने खाली जाऊन तिच्या बसची वाट बघायची. एवढंच तर हवं होतं तिला.

शेजारच्या ताहेरुन्निसाला हे कळलं, तेव्हा तिने डोक्याला हात लावला. ती दापोलीकडची, तिचा नवरा फजल एका कंपनीत मंदूब होता, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणारा माणूस. नयना दोह्यात असली, म्हणजे औषध बंद असलं, की तिचे हातही धड चालायचे नाहीत; दुपारचं जेवण ताहेरुन्निसाच भरवायची.

"नयनाभाभी, सायबाला सांग, नको विचारू," ती म्हणाली. "विचारलां नाय तवर कोण नाय म्हनत नाय. विचारलां की खलास."

"अगं, पण आम्ही काही लपवून करत नाही आहोत."

"तांच तर!" ताहेरुन्निसा म्हणाली आणि वरणभाताचा पुढचा घास तिच्या तोंडाशी नेला.

फजलने तर साफ कानावर हात ठेवले. सायब, म्हणाला, व्हिसा सांगा, लायसन सांगा, मेलेल्या मानसाचा कागद सांगा, फजल करील. ह्यां नको. गिरीश हसून म्हणाला की मग मी स्वतःच जातो. आणि तो खरोखरच एकटा कामाला लागला. डॉक्टरीणबाईंनी शिफारस दिली, पण सोबत बजावलं: या औषधाने या बाईंना गुण येईल कशावरून, असं आरोग्य खात्याची समिती पहिल्या झटक्यात विचारणार. त्याचं उत्तर तयार ठेवा.

उत्तर गिरीशकडे तयारच होतं. गायधनी वैद्यांचा दाखला. प्रतापकडून त्याने तो मागवला, मुंबईला पाठवून त्यावर लागतील ते सगळे शिक्के मारून आणले. वैद्यांनी दाखल्यात नुसतं 'विजया' लिहिलं होतं. गिरीशला ते अर्धवट वाटलं. परदेशी माणसाला विजया म्हणजे काय कळणार? म्हणून त्याने वैद्यांना फोन करून कंसात वनस्पतीचं शास्त्रीय नावही घालायला लावलं होतं. म्हातारा वैद्य कुरकुरला, पण जावईबापूंच्या हट्टापुढे त्याने मान तुकवली. मग दोह्यातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये त्या दाखल्याचं अरबी भाषांतर झालं. भाषांतर करणाऱ्याने शास्त्रीय नाव डिक्शनरीत पाहिलं आणि त्याच्या भाषेत जो एक शब्द होता तो लिहिला. गिरीशला अरबी वाचता येत नव्हतं. त्याने फक्त शिक्के मोजून पाहिले, सगळे जागच्या जागी होते.

आरोग्य खात्यातल्या भेटीच्या दिवशी नयनाने निळी साडी नेसायचा हट्ट धरला. ताहेरुन्निसाने खुर्चीत बसवूनच ती नेसवली, निऱ्या मांडीवर घालून. आरशात बघताना नयनाला वाटलं, शिकवायला निघाल्यासारखी दिसतेय मी.

अधिकारी वयस्कर होते. पांढरा झगा, चष्मा, जुन्या पिढीचं मोडकंतोडकं हिंदी. त्यांनी आधी चहा मागवला. नयनाचा हात टेबलापर्यंत पोहोचत नाही हे पाहून तिचा कप स्वतः उचलून जवळ सरकवला. डॉक्टरांची शिफारस वाचली, मान डोलावली. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला तोच प्रश्न त्यांनी विचारला.

"ये दवा से सिस्टर को फायदा होगा, कैसे मालूम?"

गिरीशने दाखला पुढे केला. वर्गात पहिल्या आलेल्या मुलाने पेपर दाखवावा तसा त्याचा चेहरा होता.

अधिकारी वाचत गेले. एका ओळीवर थांबले. पुन्हा वाचलं. मग उठून त्यांनी खोलीचा दरवाजा लावून घेतला. परत येऊन बसले आणि दाखला टेबलावर पालथा ठेवला. ताहेरुन्निसाला जे भरवता भरवता कळलं होतं, ते नयनाला त्या बंद दरवाजाकडे बघून कळलं. कॅप्सूलचा फायदा होईल हे सिद्ध करायचं, तर ही आधी हे घेत होती हे कबूल करायचं. आणि गिरीशने ते सही-शिक्क्यांसकट कबूल केलं होतं, त्यांच्याच भाषेत.

"ये क्या लाया तुम?" अधिकारी हळूच म्हणाले. "इधर हशीश लिखा है."

"सर, इट इज लीगल इन इंडिया, आयुर्वेदिक..." गिरीशने समजावायला सुरुवात केली. नियम, परवाना, प्रमाण. त्याचा आवाज चढत गेला तसतसा अधिकाऱ्यांचा चेहरा मऊ पडत गेला, आणि नयनाला त्या मऊपणाचीच जास्त भीती वाटली.

त्यांनी हात वर करून गिरीशला थांबवलं. कॅप्सूलसाठी परवानगीच नाही, ते म्हणाले. देणार नाही असं नाही, तसा रकानाच नाही. मग ते नयनाकडे वळले.

"सिस्टर, अभी तुम्हारे अंदर है?"

"नहीं," नयना म्हणाली. "इधर आने के पहले बंद किया. हर टाइम बंद करती हूँ."

"उधर लेती हो तो चलती हो?"

"हाँ."

"तो इधर ऐसा हाल में क्यों आती हो?"

प्रश्न साधा होता. विचारणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. इथे माझं घर आहे, एवढंच नयनाला सुचलं, आणि तेच ती हिंदीत म्हणाली. म्हातारबाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

ते जे बोलले त्याचा अर्थ असा, की हा कागद मी वाचलेला नाही, घेऊन जा. पण टायपिंग सेंटरवाल्याने वाचला आहे. बाहेरच्या कारकुनानेही वाचलाच असेल. माझ्या तोंडाला मी कुलूप लावीन, त्यांच्या तोंडाची हमी कशी देऊ? तेव्हा सिस्टर, इथे राहायचं तर कायमचं राहा, आणि ती वस्तू पुन्हा कधी जिभेला लावू नका. जायचं तर जा, अल्ला तुम्हाला शिफा देवो, बरं करो. पण तिथून ती घेऊन, थांबवून, पुन्हा इथे येणं आता नको. पुढच्या वेळी विमानतळावर कुणी तुमचं नाव बघून थांबवलं, तर मी काही करू शकणार नाही. चहा तसाच राहिला.

गाडीत, सिग्नलला थांबल्यावर, गिरीश म्हणाला, "मी सगळं रीतसर केलं होतं गं." नयनाला त्या क्षणी त्याचा असा संताप आला, की तिला हात पटकन उचलता आला असता तर तिने त्याच्या थोबाडीत मारली असती. "कंसात कशाला घातलंस रे?" ती ओरडली. "कोणी विचारलं होतं तुला कंसातलं?" गिरीशने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तो रडला. त्याला रडताना तिने पूर्वी फक्त एकदा पाहिलं होतं, त्याची आई गेली तेव्हा. तिचा राग ओसरला नाही, पण तिने हात मोठ्या मुश्किलीने उचलून त्याच्या पाठीवर ठेवला.

त्या आठवड्यात प्रतापचा फोन आला. गायधनी वैद्यांच्या दुकानाच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलं होतं. वैद्य थकलेले, मुलगा अमेरिकेत, कचेरीत खेटे कोण घालणार? "आहे तेवढी बाटली देतो म्हणाले," प्रताप म्हणाला. "पुढचं बघू. दुसरा कुणीतरी मिळेल गं ताई." तो खोटं बोलायला लागला की त्याचा आवाज उगाच मोठा होतो, हे नयनाला लहानपणापासून माहीत होतं.

मग तर प्रश्नच मिटला, असं तिने स्वतःला समजावलं. तिथेही खात्री नाही, तर मग इथेच राहते. गिरीशला नोकरी सोडून चल म्हणण्यात अर्थ नव्हता. पुण्याच्या कंपन्यांना त्याने दोन वर्षं अर्ज करून पाहिले होते, पन्नाशीच्या माणसाला कुणी दारात उभं करत नव्हतं. अनुष्काची शाळा इथे होती. नयनाने जाहीर केलं, "मी आता कुठे जाणार नाही." गिरीशला मनातून झालेला आनंद लपवता आला नाही. निदान ती घरात तरी असणार होती. त्याने बाथरूममध्ये पकडायला दांडे बसवले, खुर्चीच्या पट्ट्या बदलल्या, इस्पितळातल्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. पाय उलगडले नाहीत. गोळ्या वाढवल्या की नयना भर दुपारी टीव्हीसमोर बोलता बोलता झोपून जायची, कमी केल्या की गोळे यायचे. आखडलेल्या गुडघ्यांच्या आतल्या बाजूला जखम झाली आणि ती भरेना. ताहेरुन्निसा दिवसा यायची, पण तिलाही तिचा संसार होता. उरलेलं सगळं अनुष्कावर आलं. शाळेतून आली की ती दप्तर टाकायची, आईची कूस बदलायची, गुडघ्यांत उशी घालायची. बास्केटबॉल तिने कधी सोडलं ते कुणाला कळलंही नाही. नयनाने विचारलं तर म्हणाली, "इट्स बोअरिंग एनीवे." नयना गणिताची बाई होती. एवढा हिशेब तिला करता येत होता.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी दुपारी गिरीश ड्यूटीवर होता. अनुष्का आईला बाथरूममध्ये घेऊन गेली, आणि दांडा धरायच्या आधीच नयनाच्या पायांत गोळा आला. दोघीही खाली बसल्या, म्हणजे पडल्याच. नयनाचं सगळं वजन लेकीच्या हातावर आलं. पाय असे गच्च झाले की कात्रीसारखे एकमेकांवर चढून बसले. अनुष्का ते सोडवायला गेली, तेव्हा नयनाच्या तोंडून आरोळी निघाली. ती इतकी मोठी होती, की पलीकडच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. ताहेरुन्निसा घरी नव्हती. ओल्या फरशीवर दोघी तशाच बसून राहिल्या. गिरीश यायला अजून वेळ होता.

गोळा हळूहळू उतरला. नयनाचा गाऊन खराब झाला होता. अनुष्काने मगने कोमट पाणी घेऊन आईला बसल्या जागी स्वच्छ केलं, टॉवेल गुंडाळला, स्वतःच्या सुजलेल्या मनगटाकडे बघितलंसुद्धा नाही. नयनाला मुलीची माफी मागायची होती, पण गोळ्यांनी जड झालेल्या जिभेवर शब्द येईना. तिने नुसता तिचा पाय थोपटला.

"आई," अनुष्का म्हणाली. पुढचं वाक्य जुळवायला तिला वेळ लागला, कारण ते तिला मराठीत म्हणायचं होतं. "नाशिकला तू चालत होतीस. मी बघितली ना तुला. माझ्यासाठी नको थांबू."

"अगं, तिथेही आता औषधाचा भरवसा नाही, सोने."

"थोडा तरी आहे ना. इथे तर काहीच नाही." अनुष्काने डोळे पुसले नाहीत. "आई, तू जा."

घरातून निघणाऱ्या माणसाला आपण कधी 'जा' म्हणत नाही. 'ये' म्हणतो, फार तर 'जाऊन ये'. दाराशी आलेल्या अनोळखी माणसालाही कुणी नुसतं 'जा' म्हणत नाही, आणि ही तर आई. अनुष्काला हे कोण शिकवणार? तिचं मराठी ऐकून ऐकून आलेलं. असं नाही म्हणू बाळा, ये म्हणावं, असं सांगायला नयनाने तोंड उघडलं, आणि मिटलं. या वेळी पोरीचा शब्द चुकलेला नव्हता.